टँकच्या पाण्यात टाकणखार: बोरेट काय करतं, आणि ते कुणी टाकू नये

माझ्या भाच्याचं पन्हाळ्याच्या वाटेवर छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. उसाच्या कडेला चार खोल्या, चूल, आणि मध्ये पोहायचा टँक. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी खोली एक मीटर चाळीस सेंटीमीटर. म्हणजे 70 घनमीटर, 70,000 लिटर पाणी. मार्चमध्ये त्याचा फोन आला, "मामा, ह्यो पीएच काय खाली बसंना बघा. आज ॲसिड टाकून 7.4 वर आणला की परवादिशी पुन्हा 8.2. दुकानदार म्हणतोय बोरेट टाका, क्लोरीन निम्मं लागंल. टाकू का?"

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. मी बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि आजही पहाटे पोहतो, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. बोरेट ही उपयोगी गोष्ट आहे, पण ती ज्या नावाखाली विकली जाते ते काम तिचं नाही. आणि शेताच्या बांधावरच्या टँकसाठी तर आणखी एक हिशेब करावा लागतो, जो दुकानात कुणी मांडत नाही.

नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. कोल्हापूरच्या गुजरीत सोनार डाग द्यायच्या आधी जोडावर जी पांढरी पूड लावतो ती टाकणखार. हुपरीत चांदी वितळवताना मुशीत टाकतात तीही तीच. संस्कृतात तिला टंकण म्हणतात. बाजारात ती बोरॅक्स म्हणून मिळते. हिमालयापलीकडून, तिबेट आणि लडाखातून, ती पूर्वी खाली यायची. लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती ती आजही जमिनीवर पांढरी फुललेली दिसते. दुसरं भावंड बोरिक ॲसिड, म्हणजे कॅरमच्या पटावर टाकतो ती बोरिक पावडर, जिच्या कणकेत गोळ्या करून आपण झुरळं मारतो. दोन्हींत मूळ द्रव्य एकच, बोरॉन. टँकच्या पाण्यात, पीएच साडेसातच्या आसपास असताना, यांतलं कोणतंही टाका, शेवटी जवळजवळ सगळं बोरिक ॲसिडच होऊन राहतं. फरक फक्त तिथवर पोचण्याच्या वाटेत आहे, तो पुढे सांगतो.

आधी पीएच वर गेला तर बिघडतं काय? क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो. एक हायपोक्लोरस आम्ल, हे जंतू मारण्यात तरबेज. दुसरं हायपोक्लोराइट, हे त्याच्या तुलनेत फार दुबळं. पीएच 7.5 ला दोघांची वाटणी साधारण निम्मी-निम्मी असते. 7.2 ला कामाचं रूप दोन तृतीयांशाच्या आसपास असतं, 8 ला जेमतेम चौथा हिस्सा उरतो. तपासणीच्या पट्टीवर क्लोरीन तेवढाच दिसतो, पण पाण्यातली त्याची धार गेलेली असते. उन्हापासून क्लोरीन वाचवणारा स्टॅबिलायझर पाण्यात असेल तर हा उतार इतका तीव्र राहत नाही, हेही खरं. तरी पीएच वर गेला की डोळे चुरचुरतात, फरशीवर आणि पाइपात क्षार धरतो, पाणी धुरकट होतं. आम्ही कमरेला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. तिथं झरा पाणी बदलत राहायचा. टँकचं पाणी मात्र तेच ते फिरत राहतं. आपल्याकडच्या वीरधवल खाडे या जलतरणपटूनं 2008 ला बीजिंगचं ऑलिंपिक गाठलं, 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून कोल्हापुरात मुलांना टँकवर घालणारे पालक किती वाढले ते मी पाहतोय. ती पोरं दोन-दोन तास त्या पाण्यात असतात. पाण्याची काळजी ही हौस नाही.

आता पीएच वर का जातो ते पाहू. सोड्याची बाटली उघडून ठेवली की वायू निघून जातो आणि सोडा बेचव होतो. तो वायू कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्यात असेपर्यंत तो पाणी थोडं आंबट ठेवतो. बोअरचं पाणी म्हणजे काही अंशी अशीच बंद बाटली. जमिनीखालून ते विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर बायकार्बोनेट घेऊन येतं. टँकमध्ये उघड्यावर आलं की वायू हवेत जाऊ लागतो आणि पीएच चढतो. भाच्यानं पाहुण्यांसाठी दगडी धबधबा केलाय, तो सकाळी नऊ ते रात्री नऊ चालू. पाणी जितकं उसळेल तितका वायू लवकर निघेल. शिवाय क्लोरीनसाठी भाचा हायपो, म्हणजे पातळ सोडियम हायपोक्लोराइट, वापरतो, आणि हायपो टिकावा म्हणून कारखान्यातच त्यात थोडा कॉस्टिक सोडा जास्तीचा ठेवलेला असतो. मिठाच्या पाण्यातून तिथंच क्लोरीन तयार करणारं यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे यंत्रातून उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे हेच उसळण्याचं काम करतात.

या चढाला अडवणारं पाण्यात काही नसतं का? असतं. ज्याला टँकवाले अल्कलिनिटी म्हणतात ते बायकार्बोनेट. पण त्याची खरी ताकद पीएच खाली घसरू न देण्यात आहे. हंगामात उसानं भरलेली ट्रॉली चढावर थांबली की ड्रायव्हर मागच्या चाकाला दगड लावतो. गाडी मागं येत नाही. पण पुढं जायचं म्हटलं तर तो दगड काहीच अडवत नाही. बायकार्बोनेट हा असा मागचा दगड आहे. बोरिक ॲसिड हा पुढचा दगड.

कारण असं. प्रत्येक सौम्य आम्लाचा एक ठरावीक पीएच असतो, जिथं ते पीएचच्या बदलाला सगळ्यात जोरानं विरोध करतं. पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा तो साधारण 6.35 आहे, म्हणजे टँकच्या नेहमीच्या पीएचच्या खाली. पाणी वर चढत जाईल तसा त्याचा जोर ओसरतो. बोरिक ॲसिडचा आकडा 9.24, म्हणजे टँकच्या वर. पाणी वर चढू लागलं की हायड्रॉक्साइडला धरून ठेवायला ते जास्त-जास्त पुढं येतं. 7.5 ला बोरिक ॲसिडचा शंभरातला दोनच्या आत भाग बोरेट झालेला असतो, 8 ला पाचाच्या थोडा वर. चढ जितका, तितका अडथळा मोठा. मिठाच्या यंत्रात पत्र्यांलगत पीएच फार वर जातो आणि चुन्याचा थर धरतो, तिथंही या गुणाचा फायदा होतो. यंत्र उशिरा साफ करावं लागतं.

बोरेटचं खरं काम एवढंच. शेवाळाची वाढ ते काहीसं मंद करतं, पण धरलेलं शेवाळ मारत नाही. जंतू मारण्याच्या कामात तर त्याला धरूच नये. "क्लोरीन निम्मं लागेल" हे वाक्य म्हणून मला धोक्याचं वाटतं. ते ऐकून कुणी खरंच क्लोरीन निम्म्यावर आणला तर पाणी चकचकीत दिसेल आणि आत जुलाबाचे जंतू तसेच राहतील. पाणी मऊ लागतं, जास्त चमकतं असं बरेच पोहणारे सांगतात. अनुभव त्यांचा आहे, मी नाकारत नाही, पण त्यासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही.

आणि पुढच्या दगडाची एक बाजू विक्रेते सांगत नाहीत. तो वर जाणं अडवतो तसंच, पाणी एकदा वर गेलंच तर त्याला खाली आणणंही महाग करतो. भाच्याच्या टँकचा हिशेब मी कागदावर मांडला. अल्कलिनिटी 80 पीपीएम (लिटरमागे 80 मिलिग्रॅम) असताना पीएच 8 वरून 7.5 वर आणायला बाजारातलं 30 टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा लिटर, फार तर थोडं जास्त लागेल. त्यातच 50 पीपीएम बोरॉन असेल तर पावणेदोन लिटरच्या घरात. म्हणजे ॲसिड टाकायच्या खेपा कमी होतात, प्रत्येक खेपेचं माप वाढतं. वर्षाचा ॲसिडचा खर्च त्यानं मोठा घटेल ही आशा ठेवू नये. मिळतं ते स्थैर्य, आणि रोज टँकवर माणूस नसेल तिथं ते मोलाचं असतं.

प्रमाण 30 ते 50 पीपीएम सांगतात, म्हणजे लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. हा आकडा बोरॉनचा आहे, पुडीतल्या पावडरीचा नाही. बोरिक ॲसिडमध्ये बोरॉन वजनाच्या साडेसतरा टक्के असतो, साध्या बोरॅक्समध्ये सव्वाअकरा टक्क्यांच्या किंचित वर. 70,000 लिटरला 50 पीपीएम म्हणजे साडेतीन किलो बोरॉन, त्यासाठी बोरिक ॲसिड 20 किलो. 30 पीपीएमला 12 किलो पुरतं. बोरॅक्स घेतला तर 50 पीपीएमला जवळजवळ 31 किलो. "50 पीपीएम" वाचून कुणी साडेतीन किलो बोरिक ॲसिड टाकलं तर बोरॉन नऊ पीपीएमही होणार नाही, आणि तो म्हणेल, टाकून बघितलं, काही फरक पडला नाही.

बोरॅक्स स्वस्त पडतो, पण तो अल्कधर्मी आहे. 31 किलो बोरॅक्समागे साधारण सोळा लिटर ॲसिड घालावं लागतं, नाहीतर पीएच 9 च्या वर जाऊन पाण्यातला चुना बाहेर पडतो आणि टँक दुधासारखा पांढरा होतो. ही दोन्ही एका बादलीत कधीच एकत्र करायची नाहीत. थोडा बोरॅक्स, तो फिरून मिसळला की थोडं ॲसिड, असं दोन दिवसांत पुरं करायचं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. आणि ॲसिडचा कॅन हायपोच्या कॅनशेजारी ठेवायचा नाही. ती दोन मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, त्यानं माणसं दगावतात. हे मी वर्गात जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा इथंही सांगेन.

बोरिक ॲसिडनं पीएच फारसा हलत नाही, म्हणून घरच्या टँकला मी तेच सुचवतो. ते सावकाश विरघळतं. 20 अंशाच्या एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅमही मावत नाही. म्हणून कोमट पाण्याच्या बादलीत थोडं-थोडं ढवळून, मोटर चालू ठेवून, खोल बाजूला पसरून ओतायचं आणि चोवीस तास फिल्टर चालवायचा. पावडर उडू द्यायची नाही. नाकाला फडकं, हाताला हातमोजे हवेत. पोटात मोठ्या प्रमाणात गेलेलं बोरिक ॲसिड विषारी असतं, आणि युरोपात ते प्रजननाला अपायकारक पदार्थांच्या यादीत आहे. गरोदर बाईनं त्या पोत्याला हात लावू नये, आणि पोतं लेकरांच्या हाती लागेल असं ठेवू नये. साखरेसारखं दिसतं ते.

मग त्या पाण्यात पोहणाऱ्यांचं काय? धडधाकट कातडीतून बोरॉन आत फार कमी जातो. राहिलं गिळलेलं पाणी. अमेरिकेत केलेल्या एका मोजणीत मुलांच्या पोटात 45 मिनिटांच्या पोहण्यात सरासरी 37 मिलिलिटर पाणी गेल्याचं आढळलं. 50 पीपीएमच्या पाण्यातून ते दोन मिलिग्रॅमच्या आत बोरॉन होतं. भाज्या, फळं, शेंगदाणे यांतून मोठ्या माणसाच्या पोटात रोज एक-दोन मिलिग्रॅम जातच असतो. म्हणून पोहण्यापुरती मला भीती वाटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 2.4 मिलिग्रॅम आहे, आणि टँकचं पाणी तिच्या वीसपट. भाच्याचा कुत्रा तहान लागली की टँकच्या काठावर जाऊन पितो. त्याची पाण्याची परात भरलेली ठेवायला मी आधी सांगितलं. तीन वर्षांखालची, पाणी गिळत खेळणारी लेकरं रोज उतरणार असतील तिथं 50 चा आग्रह धरू नये.

आता तो हिशेब, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

क्लोरीन उन्हानं उडतो. बोरॉन उडत नाही, कुजत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि तुम्ही वरून भरलं तरी तो तिथंच असतो. तो जातो फक्त पाण्याबरोबर, उडालेल्या शिंतोड्यांतून, पावसात ओसंडणाऱ्या पाण्यातून आणि बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुऊन बाहेर सोडलेल्या पाण्यातून. भाच्याच्या फिल्टरचा बॅकवॉश आठवड्याला एकदा, साधारण 500 लिटर. ते पाणी तो वाया जाऊ देत नाही. शेतकऱ्याचा मुलगा आहे. पंपघरामागं गुंठाभर जागेत दोन नारळ, चार लिंबं आणि गवती चहा आहे, तिकडं त्यानं पाइप सोडलाय.

50 पीपीएमनं 500 लिटरमधून 25 ग्रॅम बोरॉन जातो. वर्षाला 52 बॅकवॉश, आणि टँकमधलं प्रमाण भरून काढत राहिलं, तर 1.3 किलो. वाचायला आकडा किरकोळ वाटतो. पण ज्या जमिनीत बोरॉन कमी असतो तिथं शेतकरी पिकाला हेक्टरी जास्तीत जास्त 10 किलोच्या आसपास बोरॅक्स घालतो, म्हणजे बोरॉन सव्वा किलोसुद्धा नाही. शंभर गुंठ्यांचा हा डोस आपण दरवर्षी एकाच गुंठ्यात ओतणार. बोरॉन झाडाला लागतो, पण चिमूटभर. लागणं आणि बाधणं यांत अंतर फार थोडं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कोष्टकात, सिंचनाच्या पाण्यात लिटरला 0.7 मिलिग्रॅमपर्यंत बोरॉन बिनधोक धरलाय आणि 3 च्या वर गंभीर अपाय. लिंबू तर सगळ्यात नाजूक, त्याला अर्ध्या मिलिग्रॅमनंही त्रास होऊ शकतो. आपलं पाणी 50. जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी पिवळ्या पडतात, मग भाजल्यासारख्या करपतात. माणूस समजतो पाणी कमी पडलं आणि तेच पाणी आणखी सोडतो.

पाइप गटाराला जोडला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बोरॉन फारसा निघत नाही, तो पुढं नदीत जातो. एका घराच्या टँकचा हिस्सा नदीच्या पाण्यात नगण्य असतो. पण जयंतीचा नाला आणि पंचगंगा यांची अवस्था डोळ्यांसमोर असताना, टँक सगळा रिकामा करायची वेळ आली तर ते पाणी ओढ्यात एकदम सोडू नये, एवढं तरी आपण पाळावं.

भाच्याला मी बोरेट टाकू दिलं नाही. त्याऐवजी आधी अल्कलिनिटी मोजायला लावली. बोअरच्या पाण्यामुळे ती 260 होती. सगळी गोम तिथं होती. इतकं बायकार्बोनेट असल्यावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहणार, तुम्ही पुढं दगड लावा नाहीतर भिंत बांधा. आम्ही दहा-बारा दिवसांत, रोज अडीच लिटरच्या आसपास ॲसिड घालत, ती 70 वर आणली. धबधबा फक्त संध्याकाळी दोन तास. नवं पाणी बोअरचं भरलं की अल्कलिनिटी पुन्हा चढते, म्हणून ती दर पंधरवड्याला तपासायची. आता 7.4 चा पीएच 7.8 ला पोचायला आठवडा लागतो. ज्यांना बोरेट घ्यायचंच आहे त्यांनीही हे आधी करावं. बऱ्याच जणांना त्यानंतर पोतं आणायची गरजच उरणार नाही.

एवढं करूनही ज्याचा पीएच चढतो, मिठाचं यंत्र आहे, टँकचं पाणी झाडांना जात नाही आणि देखभालीला माणूस आठवड्यातून एकदाच येतो, त्यानं 30 पीपीएमपासून जरूर सुरुवात करावी. वेळ दिवाळीनंतरची धरावी. टँक उघड्यावर असेल तर जूनच्या तोंडावर बोरेट टाकणं म्हणजे पैसे पावसात घालणं आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढं पाणी दीडेक मीटर खोलीच्या टँकमध्ये मिसळून ओसंडलं तर बोरॉन साधारण निम्म्यावर येतो. गगनबावड्याकडं पाऊस याच्या कितीतरी पट, तिथं तर दसऱ्याला काहीच शिल्लक सापडणार नाही.

मोजायला रंगपट्ट्या मिळतात, त्या अंदाज देतात, तेवढ्यावर काम भागतं. नेमकं हवं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅनिटॉल घालून अनुमापन करता येतं. बोरिक ॲसिड इतकं सौम्य की एरवी कॉस्टिकच्या थेंबांनी त्याचा शेवट नीट पकडता येत नाही. मॅनिटॉल हा साखरेच्या जातीचा पदार्थ त्याला धरतो, त्यानं ते जोरकस आम्ल होतं आणि फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचा गुलाबी रंग लख्ख उमटतो. आमच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रयोग होता. भाच्यानं परवा विचारलं, मित्राच्या सोसायटीच्या टँकचं पाणी आणलंय, करून द्याल का? मी बाटली घेऊन ये म्हटलं, आणि येताना त्यांचा बॅकवॉशचा पाइप कुठं जातो ते बघून ये.